साडेसातचा बाप

“तो बाप बोलणार नाही,” सुनंदा म्हणाली, आणि आतल्या खोलीत माझ्या हातातलं पान अर्धवट उलटलेलं तसंच राहिलं.

साडेसातची मालिका नुकतीच संपली होती. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत घरोघरी टीव्ही आहेत, पण समोरच्या बेबाबाई, त्यांच्या सासू आक्काबाई आणि कोपऱ्यावरच्या घरातली, बँकेत नोकरी करणारी स्नेहल, या तिघी रोज आमच्याकडेच येतात, कारण एकटीने मालिका पाहिली तर नंतर भांडायला कोणी नसतं. अर्धा तास मालिका आणि पाऊण तास भांडण असा त्यांचा नेम. सुनंदा, माझी बायको, या भांडणात कधी पडत नसे. ती चहा द्यायची, कप उचलायची आणि कोणाचंही बरोबर असेल अशा चेहऱ्याने बसून राहायची. त्या बुधवारी वाद ऐन रंगात आला होता. मालिकेतल्या रेवतीला सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं, तिच्यासाठी बैठक बसली होती, दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर जमली होती, आणि रेवतीचा बाप, एक निवृत्त शाळामास्तर, मान खाली घालून बसलेला असताना भाग संपला. बेबाबाईंचं म्हणणं, उद्या मास्तर उठणार आणि एकेकाला सुनावणार. स्नेहलचं म्हणणं, दोनशे भाग गप्प बसलेला माणूस उद्या कशाला उठेल, पण तरी उठेल, कारण त्याला उठवल्याशिवाय लोक मालिका पाहणार नाहीत. आक्काबाईंना मास्तर उठायलाच नको होता. उठला तर पोर जन्मभर बापाच्या दारात, असं त्यांनी दोन-तीनदा सांगितलं. आणि तेव्हा सुनंदा ते बोलली. बेबाबाईंनी विचारलं, का हो ताई, असं का म्हणता. सुनंदाने कप एकात एक ठेवल्याचा आवाज आला.

“असली माणसं बैठकीत बोलत नाहीत,” ती म्हणाली. “मान खाली घालतात. घरी येतात, हातपाय धुतात आणि पुस्तक उघडून बसतात.”

बाहेर कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. बोलणार तरी काय. आमची मयुरी चार महिन्यांपासून माहेरी आली आहे, तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे, आणि येत्या रविवारी धुळ्याला तिच्या सासरी बैठक आहे, हे त्या तिघींनाही माहीत होतं. मयुरी त्या वेळी स्वयंपाकघरात होती. पोळ्या लाटण्याचा आवाज मध्ये थांबला का, हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. थांबला असावा असं वाटतं. पण मला नेहमी असंच वाटतं, आणि नंतर लक्षात येतं की ते मी कुठेतरी वाचलेलं असतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं सहायक होतो. पुस्तकं घ्यायची, त्यांच्या पाठीवर नंबर चिकटवायचे, त्यांची कार्डं करायची, आणि मुलं मागतील तेव्हा काढून द्यायची. या कामाला आवाज लागत नाही. उलट, आवाज न करणं हीच त्यातली लायकी. प्राध्यापक माझ्याशी हळू बोलत आणि मी त्यांच्याशी त्याहून हळू. मला पुष्कळ वाचायला मिळालं, आणि जे वाचलं त्यातलं एकही वाक्य मी कधी कोणाला ऐकवलं नाही. लोक म्हणायचे, सुकदेव नाना म्हणजे शांत माणूस, वाचलेला माणूस. शांत आणि वाचलेला यांत काही संबंध असेल असं मलाही वाटू लागलं होतं. मेहरूणच्या तलावावर सकाळी फिरायला जायचो तेव्हा इतर निवृत्त मंडळी बाकावर बसून राजकारणावर तावातावाने बोलत, आणि मी थोडा बाजूला उभा राहून हसायचो. ते हसणं शहाणपणाचं दिसत असावं, कारण मधूनच कोणीतरी म्हणायचं, नाना, तुम्ही सांगा. मी सांगत नसे. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत राहणं मला पुरेसं होतं.

पहिली बैठक दोन वर्षांपूर्वी झाली. तेव्हा कान शाबूत होता, फक्त दंडावर निळं पडलं होतं. स्वप्नील, माझा जावई, धुळ्यात एका शोरूमला मॅनेजर आहे. दिसायला सौम्य, चष्मा लावतो, वाकून नमस्कार करतो. देवपुरातल्या त्यांच्या घरी, हॉलमध्ये, सोफे भिंतीला सरकवून सतरंज्या टाकल्या होत्या. त्यांच्याकडून बोलत होते स्वप्नीलचे मोठे काका योगराज आबा, आणि आमच्याकडून सुनंदाचे चुलतभाऊ भटूभाऊ. भटूभाऊ वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सोयरीक जमवणं आणि फाटलेली सोयरीक शिवणं हेच त्यांचं काम. आमच्याकडच्या बैठकीत मुलीला विचारत नाहीत. ती आत असते, बायकांबरोबर. बाहेर तिचा बाप असतो, आणि बापाला शेवटी विचारतात: बोला नाना, तुमचं काय म्हणणं. सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या डोक्यात त्या वेळी खूप काही होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. कारणं होती, उदाहरणं होती, चांगली लांब वाक्यं होती. मी म्हणालो, “तुम्ही सगळे मोठे आहात.” इतकंच. मयुरीची बॅग तिथेच राहिली, मयुरीही राहिली, आणि मी एसटीने जळगावला परत आलो, हातपाय धुतले, आणि पुढचं सुनंदाने बुधवारी सांगितलंच आहे.

म्हणजे दोन वर्षं ती हे वाक्य कुठेतरी ठेवून होती. मला बोलली नाही. मालिकेतल्या माणसाला बोलली. मला वाटतं, आमच्या घरात जे काही बोलायचं उरलं होतं ते सगळं त्या मालिकेतून बोललं जात होतं आणि मी आतल्या खोलीत बसून ते क्षुद्र समजत होतो. सुरुवातीला मला त्या तिघींचं हसू यायचं. एवढ्या पोटतिडकीने ज्यांच्यासाठी भांडायचं ती माणसं कुठेच नाहीत, कोणीतरी मुंबईत बसून त्यांना उद्या काय करायचं ते लिहून देतो, आणि इकडे बेबाबाई रेवतीच्या नणंदेला शिव्या घालतात. पण त्या चार महिन्यांत, मयुरी घरात असताना, मी हळूहळू कान देऊन ऐकू लागलो होतो. रेवतीने सासूला उलट उत्तर दिलं तेव्हा बेबाबाई म्हणाल्या की असंच पाहिजे, आणि मग एकदम आवाज खाली आणून त्यांनी आपल्या स्वतःच्या लग्नातल्या पहिल्या वर्षाचं काहीतरी सांगितलं, सासू शेजारी बसलेली असताना. आक्काबाईंनी ते ऐकलं आणि फक्त म्हणाल्या, “तवं मना हातमा काय व्हतं.” त्यांच्याही हातात तेव्हा काही नव्हतं. आणि मग दोघी पुन्हा रेवतीबद्दल बोलू लागल्या. मी ग्रंथालयात चौतीस वर्षांत एका पुस्तकावरून दोन माणसांना असं बोलताना ऐकलं नाही. हे मान्य करायला मला जड गेलं, अजूनही जातं.

मयुरी मात्र मालिका पाहत नसे. ती स्वयंपाकघरात राहायची, आणि बाहेरून कोणी काही विचारलं तर दारात येऊन उजवा कान पुढे करायची. ही मान वळवण्याची लकब तिला इतक्या लवकर जमली होती की नव्याने पाहणाऱ्याला वाटावं ती लाडाने मान तिरपी करते. लहानपणी ती खरंच तशी मान करायची, पुस्तकातलं चित्र पाहताना. मला तिच्याकडे पाहवत नसे, म्हणून मी पाहत नव्हतो. सासरच्यांचं म्हणणं होतं, बाथरूममध्ये घसरून पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की हे पडून झालं का, आणि मी म्हणालो होतो, तसं ते सांगतात.

गुरुवारच्या भागात मास्तर उठला नाही. अर्धा तास नुसते चेहरे दाखवले, प्रत्येकाचा तीनदा, आणि दर वेळी ढोल. स्नेहल चिडली. बेबाबाईंनी सुनंदाकडे पाहून विषय बदलला. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी जुन्या कपाटातून कार्डांचा गठ्ठा काढला. ग्रंथालयात संगणक आला तेव्हा कार्डं फेकून देणार होते, मागची बाजू कोरी म्हणून मी काही घरी आणली होती. रविवारी काय बोलायचं ते मी त्यांवर लिहायला बसलो. पहिल्या खेपेला पाच कार्डं भरली आणि त्यात ‘सविनय’ हा शब्द दोनदा आला. दुसऱ्या खेपेला तीन झाली. शुक्रवारी दुपारपर्यंत एकच कार्ड उरलं आणि त्यावर तीन वाक्यं. माझ्या मुलीचा डावा कान फुटला आहे. ती बाथरूममध्ये पडलेली नाही. ती परत येणार नाही. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. आयुष्यात मी लिहिलेलं हे सगळ्यात चांगलं काहीतरी आहे असं मला वाटलं, आणि लगेच लाज वाटली, की मुलीच्या कानाबद्दल लिहितानाही आपल्याला वाक्यं चांगली झाली की नाही हेच दिसतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी पुस्तक न घेता बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सरकून जागा केली. मास्तर उठला. त्याने पगडी काढली नाही की कोणाच्या पायावर ठेवली नाही, हे तरी बरं. तो म्हणाला, “मी मुलगी दिली, दान नाही दिलं. दान परत मागता येत नाही. मुलगी मी घेऊन चाललो.” आणि वारा नसताना त्याचं उपरणं हललं. बेबाबाईंनी डोळे पुसले. मला ते वाक्य आवडलं नाही. मधलं वाक्य नुसतं टाळीसाठी होतं, काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मी मनात म्हणालो. पण अंगावर काटा आला होता, आणि तो बाहीखाली होता म्हणून कोणाला दिसला नाही. भांडण त्या दिवशी फार वेळ चाललं. आक्काबाई म्हणाल्या, बठ्ठं खोटं शे, सगळंच खोटं, असा बाप मी सत्तर वर्षांत पाहिला नाही. स्नेहल म्हणाली, पाहिला नाही म्हणून तर दाखवतात. बेबाबाईंनी सुनंदाला डिवचलं की ताई, तुम्ही हरल्या, बोलला ना शेवटी तो. सुनंदा माझ्याकडे न पाहता म्हणाली, मालिका आहे ती. तेवढ्यात मयुरी दारात आली होती. ती किती वेळ उभी होती ते मला माहीत नाही.

“त्या सगळ्यात रेवतीला कोणी विचारलं का,” ती म्हणाली.

तिघी जरा गोंधळल्या. बेबाबाई म्हणाल्या, अगं पण बाप तिच्याच बाजूने बोलला ना. मयुरीने मान हलवली आणि ती आत गेली. मला वाटलं, हे मी नीट ऐकून ठेवलं पाहिजे. ऐकून ठेवणं मला जमतं.

शनिवारी दिवसभर ते दृश्य दर जाहिरातीला दाखवत होते. स्नेहलच्या फोनवर होतं, गल्लीतल्या किराणा दुकानात होतं, रिक्षावाल्याच्या फोनवरही वाजलं. रविवारी सकाळी भटूभाऊंबरोबर एसटीत बसलो तेव्हा कार्ड माझ्या वरच्या खिशात होतं. एरंडोल, पारोळा मागे गेलं. भटूभाऊ वाटेत सांगत होते की ताणायचं किती आणि सोडायचं कुठे याचं एक शास्त्र असतं, आणि नाना, तुम्ही फक्त मान राखा, बाकी मी पाहतो. मी म्हणालो, मला बोलायचं आहे. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, बोला की, म्हणाले, आणि डोळे मिटले. निघताना सुनंदाने मला काही सांगितलं नव्हतं. तिने फक्त शर्टाची इस्त्री पुन्हा केली होती.

त्याच हॉलमध्ये तशाच सतरंज्या होत्या. योगराज आबांनी दाराशी येऊन माझा हात दोन्ही हातांत घेतला. स्वप्नील कोपऱ्यात बसून फोन पाहत होता. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, माझं काही नाही, ती आली तर येऊ द्या. त्यांच्याकडच्या एकाने सांगितलं की भांड्याला भांडं लागतंच. दुसऱ्याने सांगितलं की आजकालच्या मुली फोनमुळे बिघडल्या. भटूभाऊंनी दोघांनाही मान डोलावली. मी वाट पाहत होतो. घाम आला होता, आणि खिशातलं कार्ड छातीला चिकटलं आहे असं वाटत होतं. मग तो क्षण आला, दोन वर्षांपूर्वीचाच. योगराज आबा म्हणाले, बोला नाना, तुमचं काय म्हणणं. मी उभा राहिलो. उभं राहायचं मी ठरवलं नव्हतं, बैठकीत कोणी उभं राहत नाही. सगळे वर पाहू लागले. मी तीन वाक्यं आठवली, खरंच आठवली, पहिलं वाक्य कानाचं होतं. तोंड उघडलं, आणि माझ्याच आवाजात, माझ्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठ्या आणि जरा थरथरत्या आवाजात, मी ऐकलं:

“मी मुलगी दिली, दान नाही दिलं. दान परत मागता येत नाही. मुलगी मी...”

शेवटचे शब्द राहून गेले, कारण आतल्या दाराआडून मयुरीच्या सासूबाई सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, “हे तर परवाच्या भागातलं.”

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग त्यांच्याकडचा एक जण हसला, मग दुसरा, आणि मग सगळी सतरंजी हसली. त्यात दुष्टपणा नव्हता. तो असता तर कदाचित मी वाचलो असतो. ते हसणं मोकळं होतं, ओझं उतरल्यासारखं. मोठ्या, गंभीर, कपाळावर आठ्या घालून बसलेल्या माणसांना एकदम कळलं होतं की समोरचा माणूसही साडेसातला तेच पाहतो. योगराज आबा डोळे पुसत म्हणाले, “नाना, तुम्हीपण पाहतात का? आम्हाला वाटलं तुमची फक्त पुस्तकं.” मी खाली बसलो. आणि मीही हसलो. का हसलो ते मला सांगता येणार नाही. सगळे हसत असताना एकट्याने न हसणं म्हणजे भांडण केल्यासारखं वाटलं असावं.

मग दहा मिनिटं, कदाचित जास्तच, त्या हॉलमध्ये मालिकेचाच वाद झाला. ज्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं की आम्हाला वेळ कुठे, त्यांना सगळे भाग पाठ होते. एक म्हणाला, मास्तर भावनेच्या भरात वाहून गेला, आता पोरीचं पुढे काय, ते नाही पाहिलं त्याने. दुसरा म्हणाला, पाहा तुम्ही, महिन्याभरात रेवती परत सासरी, लेखक नेतोच. कोणीतरी नवऱ्याची बाजू घेतली, की तो मनाने वाईट नाही, त्याला समजून घेणारं कोणी नाही. आतून सासूबाई म्हणाल्या, रेवतीचंपण चुकतंच, दर गोष्टीत बापाला फोन. त्या प्रत्येक वाक्यात माझी मुलगी होती आणि तिचं नाव कोणी घेत नव्हतं. ते तिच्याबद्दल ठरवत होते आणि मालिकेबद्दल बोलत होते, आमच्या घरी बायका करतात तसंच, फक्त उलट्या बाजूने. मला हे स्पष्ट दिसत होतं. दिसणं हे माझं काम आहे. शेवटी योगराज आबांनी हात वर केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “नाना, मालिकेत बरं असतं. साडेसातला मोडलं की आठला दुसरं जोडतात. आपल्याला मात्र तीच माणसं जन्मभर पुरवायची.” चांगलं वाक्य होतं. मास्तरच्या वाक्यापेक्षा किती तरी चांगलं. आणि चांगलं वाक्य ऐकलं की माझी मान आपोआप हलते, ग्रंथालयातही हलायची. ती हलली.

तेवढ्यात आतून चहा आला. आमच्याकडे बैठकीत पाणी लगेच देतात, पण चहा शेवटी येतो, आणि पहिला कप मुलीच्या बापाने उचलायचा असतो. त्याने उचलला म्हणजे मिटलं. त्यानंतर कोणी शब्द वाढवत नाही. हे मला माहीत होतं, कोणाला माहीत नसतं. ट्रे घेऊन आली ती त्यांची धाकटी सून, नवी, वर्षही झालं नसेल. ती माझ्यापुढे वाकून उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरत होता आणि दोन्ही हात ट्रेला, त्यामुळे तिला तो सावरता येत नव्हता, आणि कप एकमेकांवर आपटून बारीक आवाज करत होते. मी नको म्हटलं असतं तर तिला तसंच उभं राहावं लागलं असतं. कोणी माझ्यासाठी वाकून उभं असलं की मला सहन होत नाही. मी कप घेतला. भटूभाऊंनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. योगराज आबा म्हणाले, गुरुवार चांगला आहे, गुरुवारी स्वप्नील आणि मी येतो पोरीला घ्यायला. चहात आलं जास्त होतं.

परतीच्या गाडीत भटूभाऊ खुशीत होते. म्हणाले, तुम्ही ते बोललात ना, त्यानेच सगळं सैल झालं. मला इतक्या वर्षांत हे सुचलं नाही. मी खिशातलं कार्ड काढून पाहिलं. घामाने शाई पसरली होती, पण तिन्ही वाक्यं वाचता येत होती. दुसऱ्या बाजूला छापील होतं, मराठी नाटकावरच्या कोणत्यातरी पुस्तकाचा नंबर.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. रविवारी मालिका नसते. सुनंदा आणि मयुरी बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या. मी चपला काढल्या. सुनंदाने विचारलं, बोललात का. मी म्हणालो, बोललो. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मला वाटतं ती आशा होती, आणि मला ती पाहायला नको होती. काय बोललात, असं मयुरीने विचारलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला खोटं बोलता आलं असतं. मी ते वाक्य सांगितलं, जेवढं बोललो होतो तेवढंच. मयुरीने जुडीवरून नजर उचलली नाही.

“मग ते काय म्हणाले?”

“हसले,” मी म्हणालो.

“आणि तुम्ही?”

मी वाकून चपला सरळ करून ठेवल्या. सुनंदा म्हणाली, “चहा घेतला?” तेही मी सांगितलं नाही, पण ते विचारण्याच्या पद्धतीवरूनच कळत होतं की तिला उत्तर नको होतं. गुरुवारी येतील, एवढं मी म्हणालो. मयुरीने हातांना चिकटलेली पानं झटकली, ती उठली, आणि मोरीत पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सोमवारी मालिकेत मास्तरला हृदयविकाराचा झटका आला. बेबाबाईंना ते मुळीच पटलं नाही. त्या म्हणाल्या, एकदा बोलला तर लगेच आजारी पाडायचा, म्हणजे आता पोरीला वाटणार माझ्यामुळे झालं, आणि ती जाणार परत. आक्काबाईंना हेच अपेक्षित होतं. स्नेहल म्हणाली, जाऊ नये तिने, बाप दवाखान्यात असो नाहीतर कुठेही असो. मी पुस्तक घेऊन आत होतो, पण दार लोटलेलं नव्हतं, आणि मला दिसलं की मयुरी पहिल्यांदाच बाहेर येऊन बसली आहे, टीव्हीच्या डाव्या हाताला, म्हणजे उजवा कान तिकडे राहील अशी. तिने सगळा भाग पाहिला. शेवटी बेबाबाईंनी तिलाच विचारलं, बाकी कोणाचं एकमत होईना म्हणून, की तू सांग गं, तिने काय करावं आता. मयुरीने विचार केल्यासारखं केलं.

“तिने काहीही करावं,” ती म्हणाली. “फक्त आधी कोणाला विचारू नये.”

आक्काबाई हसल्या. “हाई बरं बोलनी,” म्हणाल्या. बाकी दोघीही हसल्या. मी आत पान उलटलं. ते कोणतं पुस्तक होतं तेही आता आठवत नाही.

बुधवारी सकाळी मी तलावावरून परत आलो तेव्हा घरात एकच कप धुऊन उपडा ठेवलेला होता. मयुरीची खोली झाडून काढलेली होती. मी सुनंदाला विचारलं, कुठे गेली. ती म्हणाली, नोकरीला. कुठे, कोणाकडे, असं मी पुन्हा विचारलं. ती भाजी फोडणीला टाकत होती आणि तिने मोहरीचा आवाज थांबायची वाट पाहिली, पण नंतरही काही सांगितलं नाही. मी दोन-तीनदा स्वयंपाकघरात गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. स्टॅंडवर जाऊन पाहावं असंही मनात आलं. कोणत्या गाडीची चौकशी करायची हे मला ठरवता आलं नाही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला योगराज आबा आणि स्वप्नील आले. बरोबर पेढे होते. मी दार उघडलं. सुनंदा आतून बाहेर आली नाही. योगराज आबा बसले, गाडीला रस्त्यात उशीर झाला वगैरे बोलले, आणि मग म्हणाले, सूनबाईंना हाक मारा. मी म्हणालो, ती इथे नाही. कुठे आहे. मी म्हणालो, मला माहीत नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले. स्वप्नीलने फोन खिशात ठेवला. योगराज आबांनी पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, की नाना, तुमची मुलगी आहे, चार महिने तुमच्या घरात होती, आणि तुम्हाला माहीत नाही? मला खरोखर सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. धुळ्याला माझा हात दोन्ही हातांत घेणारा माणूस आता मला वेगळ्याच नजरेने जोखत होता, जिच्यात राग होता आणि रागाखाली, मला चुकून वाटलं नसेल तर, थोडा मान होता. असा मान मला आजवर कोणी दिला नव्हता. ते उठले. दारात म्हणाले, “म्हणजे रविवारी तुम्ही आम्हाला हसवून परत गेलात, आणि मनात हे होतं. आम्ही तुम्हाला ओळखलं नाही, नाना.” स्वप्नीलला त्यांनी दंडाला धरून पुढे काढलं. पेढे तिथेच राहिले.

त्यांची गाडी वळेपर्यंत मी दारात उभा होतो, आणि खरं सांगायचं तर थोडा ताठ उभा होतो. समोर ओट्यावरून बेबाबाई पाहत होत्या. त्यांनी मान डोलावली. मग मी दार लावून आत गेलो. सुनंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि विचारलं, आता तरी सांग, ती कुठे आहे, मला फक्त तिला भेटायचं आहे. माझ्या आवाजात मघाचा ताठपणा थोडा उरला असावा. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी तिने मला असं सरळ पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

“तुम्हाला सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर मघाशी तुम्ही त्यांना पत्ता दिला असता.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग मी योगराज आबा समोर बसलेले डोळ्यांपुढे आणले, त्यांचं सावकाश विचारणं, दोघांच्या मधली ती शांतता, आणि कोणीतरी ती संपवावी म्हणून माझ्याकडे वळलेले चेहरे. मी नीट विचार करून पाहिलं. दिला असता.

“कागदावर लिहून,” सुनंदा म्हणाली, आणि भात पाहायला उठली.